अनसूया कासारणीच्या निशाण्या

अनसूया, तू माझा हात धरून गेलीस. हे अजून मला कोणाला नीट सांगता आलेलं नाही. विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते की बाजाराच्या दिवशी शाळेच्या ओसरीवर बांगड्या भरत बसली होती आणि एकाएकी कोसळली. कोणाच्या हातात भरत होतीस, ते सांगत नाही. गावाला ते ठाऊक आहेच.

माझा अंगठा तळहातात दाबून, चारी बोटं गोळा करून तू बांगडी सांध्यापर्यंत आणली होतीस. म्हणालीस, "ढिला सोडा हात, बाई. वर्गातले पोट्टे धरल्यावानी आवळू नका." मी हसले, हात सैल सोडायला गेले. आणि माझ्याआधी तुझाच हात सैल पडला. मला वाटलं, थट्टा करतेस. तुझं डोकं माझ्या गुडघ्यावर आलं, तरी मी म्हणत होते, "अगं, पुरे आता." बांगडी सांध्यावर तशीच अडकलेली. तुझे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे नव्हते.

दवाखान्यापर्यंत बैलगाडीत तुझं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर फुटली, जागच्या जागीच गेल्या. मी त्यांना विचारलं, "पण आत्ता तर बोलत होती." ते म्हणाले, "असंच होतं बाई." कसं होतं असं? वाक्य तोंडात असताना माणूस जातं कसं?

तुझा पदर नीट करताना माझ्या लक्षात आलं की तुझे सगळे हात मला पाठ आहेत. म्हणजे तुझ्या हातांच्या सगळ्या जागा. चिमटा धरून अंगठ्याला पडलेला घट्टा, लाखेने भाजलेलं करंगळीचं टोक. चेहरा मात्र आठवायला गेलं की बाजारातला गलका आठवतो.

मेडशीला बदलून आले तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. बाजाराच्या दिवशी तू शिरपूरहून पहिल्या बसने यायचीस आणि शाळेच्या ओसरीवर सावली असते म्हणून बांगड्यांचं बोचकं तिथे सोडायचीस. पहिल्याच दिवशी तू न विचारता माझं मनगट धरलंस, माप बघायला. मी हात ओढून घेतला. म्हटलं, "मी बौद्धवाड्यातली आहे."

"मंग?" तू म्हणालीस, "तिकडच्या बायाइचे हात काय चौकोनी असतात?"

माझ्या आईच्या हातात कोणत्याही कासाराने कधी बांगडी भरली नाही, हे तुला तेव्हा ठाऊक नव्हतं. तो आमच्या वस्तीबाहेर कडुनिंबाखाली थांबायचा, बांगड्या जमिनीवर ठेवायचा. आई त्या उचलून स्वतःच चढवायची. एका हाताने दुसऱ्या हातात घट्ट बांगडी चढत नाही, निम्म्या फुटायच्या. आणि तू माझं मनगट असं धरलंस जणू ते बाजारातल्या कोणाचंही असावं. मी गडबडले आणि दुसरं कारण पुढे केलं. "मला मालक नाहीत."

पहिल्या कारणाला तुझ्याकडे उत्तर तयार होतं.  दुसरं ऐकून तू मनगट हळूच माझ्या मांडीवर ठेवून दिलंस.

मी तुला अहो-जाहो करायची. पुढे तूच म्हणालीस, "मले तू म्हना. तुमी म्हनलं का मले वाटते चौकशीले आल्या." पण स्वतः मात्र मला शेवटपर्यंत 'तुमी'च म्हणालीस. शाळेच्या बाईला तू म्हटलं तर पोरं बिघडतात, असं तुझं म्हणणं.

बांगड्या विकणाऱ्या खूप आहेत. निशाण्या करणारं घर त्या पट्ट्यात तुमचंच. तुझ्या सासूने तुला शिकवलं, सासूला तिच्या सासूने. काडेपेटीहून जराशी मोठी सागाची फळी, तिला बारीक काठ. हे काम तुझ्या नवऱ्याचं. त्यात लाख, राळ आणि विटकरीची भुकटी ओतायची. फळी निखाऱ्यावर धरली की लाख मऊ पडते, मग चिमट्याने बांगड्यांच्या काचेचे बारीक कण एकेक करून बसवायचे. लाख निवली की काच जागची हलत नाही. लग्नघरात चुडा भरताना ज्या बांगड्या फुटतात त्या केरात टाकायच्या नाहीत. नवरीच्या, तिच्या आईच्या, काकूच्या, पाठच्या बहिणीच्या, शेजारणीच्याही. त्या साऱ्यांची मिळून एक निशाणी. मुलगी सांगेल ते चित्र. एकीला विहिरीवरचा रहाट हवा असायचा, दुसरीला घरामागची चिंच. एका पोरीने तिची शेळी करून मागितली होती. तू शेळीचे डोळे पिवळ्या काचेचे केलेस आणि ती पोरगी लग्नात रडायची थांबून ते डोळेच बघत राहिली. फोटो काढायचा तर वाशीमला जावं लागतं, आणि फोटोत सगळ्याच घाबरलेल्या दिसतात. निशाणीत कोणी घाबरलेलं नसतं. ती ट्रंकेच्या तळाशी घालून मुली सासरी जायच्या.

माझ्या वर्गात अक्षरं गिरवलेल्या किती मुली तुझी निशाणी घेऊन गेल्या!

आपलं भांडण माझ्या आईने लावून दिलं. ती मला भेटायला मेडशीला आली होती. येताना लुगड्याच्या गाठीत काचा बांधून आणल्या होत्या, माझा नवरा सुखदेव गेला त्या दिवशीच्या. सुखदेव जऊळक्याला रेल्वेत गँगमन होता. काविळीने गेला. त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतलेली होती, देव नदीत सोडलेले होते, पण त्या दिवशी म्हाताऱ्या बायांनी माझे हात धरले आणि उंबरठ्यावर आपटले. कोणी ठरवून केलं नाही. त्यांच्या हातांना तेवढंच ठाऊक होतं. आईने त्या काचा वेचून ठेवल्या होत्या आणि मला न सांगता तुझ्या हवाली केल्या.

पुढच्या बाजारी तू निशाणी घेऊन आलीस. हिरव्या काचेच्या दोन रेघा, रेल्वेचे रूळ, आणि त्यांच्या टोकाला लाल काचेचा एवढासा दिवा. मी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"त्या दिवसाची निशाणी मला कशाला?"

"त्या दिसाची काहून?" तू म्हणालीस. "त्या दिसाची निस्ती फूट हाय, बाई. काच तं आंधीची हाय. हातात होत्या तवा काय फुटेल होत्या?"

"नको म्हटलं ना."

तू ती बोचक्यात ठेवलीस. आणि दर बाजाराला, चहा पिऊन झाला की विचारायचीस, "आज नेता का?" मी नाही म्हणायची. मग भांडण. मी म्हणायची, तुम्ही फुटलेलं सुंदर करून देता, म्हणून फोडणाऱ्यांचं फावतं. घरोघर जातेस तर सांग ना त्यांना, फोडू नका म्हणून. उघड सांग. तू कपाळावरचा घाम पुसत म्हणायचीस, "मी सांगन आन त्या ऐकतीन? दारातच उभं करनार नाईत मले. दारात गेली तं हात तरी धराले भेटते." मग माझ्या हाताकडे बघून तुझं ठरलेलं वाक्य यायचं, "लहानपनी फ्रॉक घालत होत्या तवाही हातात बांगड्या होत्या ना तुमच्या? तवा कुठी होता नवरा?"

 यावर मी पोरांच्या पाट्या तपासायला घ्यायची.

मागच्या दिवाळीनंतर तू विचारायचं थांबवलंस. 'आज नेता का' नाही, काही नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं लागलंही. वाटलं, कंटाळली. वाटलं, निशाणी दिली टाकून कुठेतरी.

त्या दिवशी, शेवटच्या, मधल्या सुट्टीत मी ओसरीवर आले तेव्हा तू फिरोजाबादचा नवा माल लावत होतीस. एक मोरपंखी बांगडी स्वतःच्या हातात घालून उन्हात फिरवून बघत होतीस. माझ्या तोंडून निघालं, "दाखव." तू मान वर केलीस. मी डावा हात पुढे केला होता. का केला, अनसूया, मलाच कळलं नाही.  किती वर्षं ज्यासाठी भांडलीस ते समोर आलं, आणि तू नुसती भराभर बांगड्या निवडायला लागलीस, जणू मी हात मागे घेईन. डावा हात भरून झाला. उजव्यातली पहिलीच बांगडी होती ती.

गावाने काय म्हणायचं ते म्हटलंच. पाणवठ्यावर माझ्या देखत एक बाई दुसरीला म्हणाली, "इधवेनं हात पुढं केला आन कासारनीचा जीव घेऊन बसली." बौद्धवाड्यातल्या म्हाताऱ्या मायनेही मला बोलावून सांगितलं, "उतरून टाक माय. आपल्याले कायले पाह्यजे उगाच?" मी त्यांना डोक्यातली शीर समजावून सांगितली. पोरांना सांगते तशी, फळ्यावर काढल्यासारखी. त्यांनी ऐकून घेतली. बांगड्या मी उतरवल्या नाहीत, पण पदराखाली हात धरायला लागले. मी, जी तुला उघड सांग म्हणायची, ती. कारण खरं सांगू? घरी एकटी असले की मलाही तेच वाटायचं. तो हात मी पुढे केला नसता तर?

तेरावं झाल्यावर तुझं बोचकं घेऊन शिरपूरला गेले. मालेगावला बस बदलली, बोचकं मांडीवरच ठेवलं. बांगड्या किणकिणत होत्या आणि बसमधले लोक माझ्याकडे वळून बघत होते.

तुझा नवरा दारात फळ्यांना रंधा मारत बसला होता. मला बघून उठला, बोचकं हातातून घेतलं आणि आत जाऊन ठेवलं. त्याच्या हातातलं कोणी काही फोडलं नव्हतं, हे माझ्या मनात आलंच. तुझी सासू चुलीजवळ होती. तू तिला मामी म्हणायचीस, मीही मामी म्हटलं. तिने बोचकं माझ्यासमोरच सोडलं. वर बांगड्या, खाली अर्धवट निशाण्या, चिमटा, पक्कड. सगळ्यांत खाली एक फळी निघाली. एका कोपऱ्यावर निखाऱ्याचा काळा डाग. तो मला ओळखू आला. दर बाजाराला बघितलेला. पण फळीवर रूळ नव्हते, दिवा नव्हता. लाखेत नुसते खळगे.

"ही माझी ना?" मी विचारलं.

मामीने मान हलवली. "उकलली तिनं. दिवाळीच्या मांगं. मीच फळी गरम करून धरली."

"का?"

"तुमी घेत नव्हत्या म्हून. म्हने, मामी, एवढ्या चांगल्या हाताची काच बोचक्यात सडून राह्यली. मंग जी जी नवरी झाली तुमच्या मेडशीची, तिच्या तिच्या निशानीत एक एक तुकडा बसवला."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. विधवेच्या फोडलेल्या बांगडीची काच. नवरीच्या निशाणीत. अनसूया, गावाला कळलं असतं तर तुला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं. तुझा धंदा गेला असता, घर बसलं असतं. आणि तू इतके महिने माझ्या ओसरीवर बसून माझा चहा पीत होतीस!

"मला सांगितलं नाही तिने."

"कोनालेच नाई सांगतलं. बाईले तं अजिबात सांगू नका म्हने, त्या ओरडतीन."

ओरडलेच असते. माझ्या काचा होत्या. विचारायचं तरी! मी तिथे तुझ्या चुलीसमोर बसून तुझ्यावर रागावले, आणि रागावल्यावर तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरं कळलं की तू गेलीस. तोवर मी रडले नव्हते. मामीने रडू दिलं. मग तिने स्वतःहून सांगितलं.

"त्यातल्या एका पोरीचा नवरा गेला, बाई. मालेगावकडं देल्ली होती ते. साप चावला त्याले. इले खबर समजली तं इनं दोन येळा जेवन नाई केलं. भितीकडं तोंड करून पडली. म्हने, माह्याच हातानं झालं. मंग तिसऱ्या येळेले उठली, भाकर खाल्ली, आन मले म्हंते, मामी, बाकीच्याइचे नवरे चांगले ठनठनीत हायत. ते बी माह्याच हातानं का?"

मामी चुलीत फुंकर घालायला वळली. मी माझा डावा हात पदराबाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. मला कोणी काही समजावलं नव्हतं. मामीला तर माझ्या मनात काय होतं हेही ठाऊक नव्हतं.

निघताना मी विचारलं, आता निशाण्यांचं काय? कोणी मागितली तर?

"मी करीन," मामी म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत मोकळे, कित्येक वर्षांपासून. "बांगड्या नाई भरता येत मले. इधवेच्या हातानं कोन भरून घेते? पन लाखेले काय समजते कोनाचा हात हाय."

परतीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात हजेरी घेत होते. कमल, रुखमा, शांता, वच्छी. कोणाच्या चिंचेत, कोणाच्या रहाटात, कोणाच्या मोरात माझी काच असेल? हिरवी की लाल? आणि मला एक गोष्ट आठवली, जी तू किती वेळा विचारलीस आणि मी सांगितली नाही. "कसा होता वो तुमचा मानूस?" तू म्हणायचीस. मी म्हणायची, "चांगला होता." हे काय उत्तर झालं? तर ऐक आता. सुखदेव रुळांवरून घरी येताना मोठ्याने गायचा आणि त्याला सूर अजिबात नव्हता. स्टेशनातल्या शेळ्यासुद्धा पळायच्या. त्या हिरव्या बांगड्या त्याने जऊळक्याच्या फलाटावर गाडीतल्या फेरीवाल्याकडून खिडकीतून घेतल्या होत्या, गाडी सुटता सुटता, माप न बघता. लहान निघाल्या. मी साबण लावून, हात सोलून चढवल्या, कारण तो समोर बसून बघत होता. लाल एक जास्तीची आली होती. ती कुठून आली, त्यालाही माहीत नव्हतं. हे तुला सांगितलं असतं तर तू हसून हसून बोचक्यावर आडवी झाली असतीस. माझ्याजवळ वेळ होता. दर बाजाराला होता.

सांध्यावर अडकलेली ती बांगडी मी काढून ठेवली, उजवा हात माझा अजून मोकळा आहे. बाजारात मालेगावची एक कासारीण येऊ लागली आहे. तिच्याकडे जायला पाय उचलत नाही.

काल शाळा सुटल्यावर पार्वताबाई आली. शाळेमागे राहते ती. तिच्या निर्मलेचं लग्न तोंडावर आलंय. निर्मला माझ्याच हाताखाली शिकली. पार्वताबाईच्या हातात फडक्याची पुरचुंडी होती. म्हणाली, "बाई, अनसूया तं गेली. आता माह्या पोरीच्या निशानीचं कसं? तुमी शिरपूरले जाऊन आल्या म्हून इचारते."

मी म्हटलं, तिची सासू करून देते, मी नेऊन देईन. तिने पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. आत चुडा भरताना फुटलेल्या तिच्या, जावेच्या, निर्मलेच्या काचा. मी त्या बघत उभी राहिले. तुझ्यासारखं करणं सोपं होतं. माझ्या हातातली एक बांगडी शिरपूरला गेल्यावर फोडायची, मामीकडे द्यायची, संपलं. पण मी तुझ्याशी इतकी वर्षं उगाच भांडले नाही. मी पदर मागे सारला, डावा हात तिच्यासमोर धरला आणि सरळ विचारलं, "पार्वताबाई, यात माझ्या बांगडीचाही एक तुकडा घालू का? निर्मला माझीही आहे."

तिला कळलं मी काय विचारते ते. तिचा चेहरा उतरला. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, या बांगड्या कोणी भरल्या आणि भरताना काय झालं, ते सगळं तिला ठाऊक होतं. तिने पुरचुंडी परत घ्यायला हात पुढे केला असं मला वाटलं. मी ती घट्ट धरली नाही. ओसरीवर कोणी नव्हतं, तरी तिने मागे वळून बघितलं.

मग ती अगदी जवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "टाका तुमी. पन बाई, मले सांगतलं ते सांगतलं. पोरीच्या सासूले सांगू नका."

मला हसू फुटलं, अनसूया. तू गेल्यापासून पहिल्यांदा. पार्वताबाई आधी घाबरली, मग तीही हसली, आणि दोघी जणी शाळेच्या ओसरीवर उभ्या राहून हसत होतो तेव्हा निर्मला कुंपणाशी येऊन विचारत होती, "काय झालं वो? काहून हासून राह्यल्या?"

"काई नाई," पार्वताबाई म्हणाली. "तू घरी जा."